‘चर्च फादर्स म्हणतात’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

बायबल-अभ्यासाच्या एका बैठकीत मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं होतं की चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या बिशपच्या मते ‘खडक’ म्हणजे येशूचा शिष्य पेत्र. मत्तय 16:18 चालू होतं, ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी शांतपणे विचारलं, “कितव्या वर्षीचा ऑगस्टीन, सर?” मला काही बोलता आलं नाही.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की बाईंचा प्रश्न अगदी वर्मावर होता. ऑगस्टीनने म्हातारपणी, साधारण 427 मध्ये, स्वतःच्याच पुस्तकांची झडती घेणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात तो कबूल करतो की आधी आपण खडक म्हणजे पेत्र असं लिहिलं होतं. पुढे मात्र आपण पुष्कळदा वेगळं सांगितलं: पेत्राने ज्याची कबुली दिली तो ख्रिस्तच खडक. कारण प्रभू त्याला ‘तू पेत्रुस’ म्हणाला, ‘तू पेत्रा’ म्हणाला नाही. लॅटिनमध्ये पेत्रा म्हणजे खडक. एवढं सांगून झाल्यावर तो म्हणतो, या दोहोंपैकी अधिक पटण्यासारखं कोणतं ते वाचकाने ठरवावं. म्हणजे ज्या वाक्याच्या जोरावर मी निकाल देऊन बसलो होतो, त्याचा निकाल खुद्द लेखकाने दिलेलाच नव्हता.

सगळे मिळून एकच बोलतात असं समजणं

याच वचनावर तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणतो, पेत्रासारखी कबुली जो जो देईल तो तो खडक. योहान ख्रिसोस्तोमच्या मते खडक म्हणजे त्या कबुलीतला विश्वास. कार्थेजचा सिप्रियन मंडळीच्या ऐक्याची सुरुवात पेत्रापासून धरतो. पण ऐक्यावरच्या त्याच्या निबंधातलं नेमकं हेच प्रकरण दोन वेगळ्या पाठांत मिळतं, आणि त्यावर अभ्यासकांची जुंपलेली आहे. पेत्रावरून पोपचा अधिकार ठरवण्याच्या वादात कॅथलिकांकडे अशा वाक्यांची एक यादी फिरते, प्रोटेस्टंटांकडे दुसरी. दोन्ही याद्यांतली वाक्यं खरी असू शकतात. गडबड होते ती ‘चर्च फादर्स म्हणतात’ या बहुवचनात.

या शब्दानेही आपल्याकडे घोटाळा होतो. ‘फादर’ म्हटलं की डोळ्यांपुढे पॅरिशचे फादर येतात. इथे ते अपेक्षित नाहीत. हे पहिल्या काही शतकांतले लेखक. आयरेनियस इ.स. 180 च्या आसपास आजच्या फ्रान्समधल्या लियोंमध्ये लिहीत होता, ऑगस्टीन 430 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोत वारला. मधली अडीचशे वर्षं म्हणजे उत्तर पेशवाईपासून आजपर्यंतचं अंतर. तेवढ्या काळातल्या लेखकांना एका माळेत ओवून कसं चालेल?

चांगला शोमरोनी आणि ओरिजेनच्या डोक्यावर फोडलेलं खापर

रूपकात्मक अर्थ कसा लावू नये, हे सांगताना बहुतेक वक्ते लूक 10 चंच उदाहरण घेतात आणि ते ओरिजेनच्या नावावर टाकतात. दाखला असा: लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात, आणि यहुद्यांना परका वाटणारा एक शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. त्याचा अर्थ असा सांगतात: यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा माणूस म्हणजे आदाम. यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग. लुटारू म्हणजे वैरी शक्ती, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. जखमा म्हणजे आज्ञाभंग, जनावर म्हणजे प्रभूचं शरीर, उतारशाळा म्हणजे सगळ्यांना घेणारी मंडळी. दोन दीनार म्हणजे पिता आणि पुत्र. शोमरोनी परत येतो म्हणतो, ते दुसरं आगमन. श्रोते हसतात, वक्ता पुढे सरकतो.

इथे एक सोडून तीन चुका होतात. पहिली, हा अर्थ ओरिजेनचा स्वतःचा नाही. लूकवरच्या 34 व्या प्रवचनात तो स्पष्ट सांगतो की एका वडीलधाऱ्याने असा अर्थ लावला आहे. म्हणजे ही मांडणी त्याच्याही आधीची आहे. दुसरी, ते प्रवचन आपल्या हातात येतं जेरोमच्या (बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा) लॅटिन भाषांतरातून. मूळ ग्रीकचे तुकडेच उरलेत. तेव्हा एखाद्या शब्दावर ‘ओरिजेनने हाच शब्द वापरला’ असा किस पाडायला जाऊ नये.

तिसरी चूक मला सगळ्यात खटकते. रूपक काढलं म्हणजे साधा अर्थ सोडला, असं आपण गृहीत धरतो. तेच प्रवचन शेवटपर्यंत वाचा. जखमी माणसाजवळ जाऊन त्याला उचलून घेणाऱ्याचं अनुकरण आपल्यालाही करता येतं, यावर ओरिजेन येऊन थांबतो. ‘जा आणि तूही तसेच कर’ हे त्याच्या हातून निसटलेलं नाही.

आणि ही बांधणी हवेतून आलेली नाही. योहान 8:48 मध्ये येशूचे विरोधक त्याला म्हणतात, तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागलं आहे. येशू भुताचं नाकारतो, शोमरोनी असल्याचं नाकारत नाही. ओरिजेनने हे बरोबर टिपलं. त्याच्या माहितीप्रमाणे शोमरोनी या नावाचा अर्थ ‘राखणारा’. झालं, दोन शुभवर्तमानं एकमेकांना जोडली गेली. पटो न पटो, हे वाचन बारकाईचं आहे. आपल्यातल्या किती जणांना योहानातलं ते न दिलेलं उत्तर आजवर दिसलं होतं?

दोन दीनारांचं काय? आयरेनियसकडे त्यांच्यावर पित्याचा आणि पुत्राचा छाप आहे. ऑगस्टीनकडे ती प्रीतीच्या दोन आज्ञा आहेत, किंवा या आणि येणाऱ्या जीवनाचं वचन. उत्तरं अशी फुटली की ‘मग बरोबर कोणतं?’ असं विचारण्याची घाई नको. आधी ते वाक्य कशाच्या ओघात आलंय ते पाहा. आयरेनियस तिथे दाखल्यावर प्रवचन देत नाही. तो पवित्र आत्म्याबद्दल बोलतोय आणि दाखला जाता जाता येतो.

समोर कोण उभं आहे ते न पाहणं

हे लेखक बहुतेक वेळा कोणाशी तरी भांडत असतात, आणि आपल्या हाती भांडणाची एकच बाजू येते. दुसऱ्या शतकातल्या व्हॅलेंटाइन या गूढवादी गुरूच्या परंपरेतली मंडळी हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातून (शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ ते शोधून आणतो) आकड्यांचं गूढ काढत. तेव्हा बोटांवर मोजताना 99 पर्यंतचे आकडे डाव्या हातावर धरत आणि शंभराला उजव्या हातावर येत. म्हणून ते एक मेंढरू सापडलं की सगळा हिशोबच उजवीकडे सरकतो! आयरेनियस यावर चिडतो. तो म्हणतो, कुशल कारागिराने रत्नांतून राजाचं चित्र घडवलं. कोणीतरी तेच खडे उचकटून त्यांचा कोल्हा केला आणि लोकांना सांगत सुटला, हाच तो राजा, खडे तर तेच आहेत ना.

गंमत अशी की हाच आयरेनियस पुढे सांगतो, दिशा चार, वारे चार, म्हणून शुभवर्तमानंही चारच. हा त्याचा एकमेव पुरावा समजून हसण्याआधी पाहा की एक गट फक्त मत्तयाला धरून बसला होता, पाखंडी ठरलेल्या मार्सियनने कापलेलं लूक तेवढं ठेवलं होतं, आणि आणखी कोणी नवीन शुभवर्तमान पुढे करत होतं. ओघात एक सांगतो: चार शुभवर्तमानकारांना चार चिन्हं देण्याची पद्धत आहे, आणि आयरेनियसच्या यादीत गरुड मार्काचा आहे आणि सिंह योहानाचा. चर्चमधल्या चित्रांत आपण पाहतो तो क्रम जेरोमचा. तेव्हा कोणाचं चिन्ह ‘चुकलंय’ म्हणून लगेच तक्रार नको.

रूपकाचा अतिरेक त्या काळी कोणाला खुपत नव्हता, हाही गैरसमज. उत्तर आफ्रिकेतला तेर्तुल्यन लूक 15 च्या हरवलेलं मेंढरू आणि हरवलेलं नाणं या दाखल्यांवर सरळ विचारतो: मेंढरं शंभरच का, नाणी दहाच का, आणि घर झाडणाऱ्या बाईचा तो झाडू म्हणजे काय? पण त्याच्याबाबतीतही तारीख पाहावी लागते. पश्चात्तापावरच्या आधीच्या पुस्तकात तो उधळ्या मुलाचा दाखला पाप केलेल्या ख्रिस्ती माणसाला लावून धीर देतो. पुढे माँटॅनसच्या कडक पंथाकडे झुकल्यावर, ज्या पुस्तकात झाडूचा प्रश्न आहे त्याच पुस्तकात, तो हा दाखला ख्रिस्ती पाप्याला लागू पडतच नाही असं हिरिरीने मांडतो.

मौन आणि दंतकथा

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग योहानावरच्या प्रवचनांत ख्रिसोस्तोम घेतच नाही. त्याला तो आवडला नसावा, असा तर्क मी ऐकलाय. कितीतरी जुन्या ग्रीक प्रतींत तो प्रसंगच नाही. उलट ऑगस्टीनला तो ठाऊक होता, आणि बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काही लोकांनी तो काढून टाकला असावा असं त्याला वाटे. म्हणून मौनावरून निष्कर्ष काढण्याआधी लेखकापुढे कोणती प्रत होती ते बघावं.

आणि ते सुईचं नेढं, ज्यातून उंट जाणं श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सोपं असं येशू म्हणतो. यरुशलेमला त्या नावाचं बुटकं दार होतं आणि उंट गुडघे टेकून आत शिरायचा, ही गोष्ट चर्च फादर्सच्या नावावर खपवू नका. अलेक्झांड्रियाचा किरिल उंटाऐवजी जाड दोरखंड असा अर्थ घेतो. क्लेमेंटने श्रीमंतांच्या तारणावर अख्खा निबंध लिहिला आणि भर दिला तो मनातली हाव टाकण्यावर. दाराची गोष्ट मध्ययुगातली.

‘संदर्भ सापडतच नाही’

ही खरी रोजची कटकट. कोणी ऑगस्टीनचं स्तोत्र 50 वरचं प्रवचन सांगितलं, तर आपल्या बायबलात स्तोत्र 51 उघडा. ग्रीक-लॅटिन क्रमांक मोठ्या भागात एकाने मागे असतात. शुभवर्तमानांवरच्या त्याच्या प्रवचनांचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर नेटवर सहज मिळतं. त्यात पहिला क्रमांक ज्या प्रवचनाला आहे, ते मूळ लॅटिन आवृत्तीत 51 वं असतं. कोणी ‘प्रवचन 90’ असा दाखला दिला आणि तिथे भलतंच निघालं, तर 50 वजा करून 40 वं उघडून पाहा.