‘स्पार्क’ जोडला जात नाही, तेव्हा आधी काय पाहावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील ज्या थोड्या कार्यालयांची संगणक-व्यवस्था मी पाहतो, त्यांतील काही ठिकाणी कार्यालयांतर्गत निरोपांसाठी ‘ओपनफायर’ हा सर्व्हर (निरोप पोहोचवणारा मध्यवर्ती प्रोग्रॅम) आणि ‘स्पार्क’ हा क्लायंट (प्रत्येकाच्या संगणकावरचा प्रोग्रॅम) आजही वापरला जातो. उद्यमबागेतील फौंड्रीच्या मालकाला कामगारांच्या हातात दिवसभर मोबाईल नको असतो, तर पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला खातेदारांची माहिती बाहेरच्या ॲपवरून जायला नको असते. दोघांनाही आपल्याच इमारतीत राहणारी, इंटरनेट बंद पडले तरी चालणारी आणि फुकट मिळणारी सोय हवी असते. हे दोन्ही प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेले आणि जावाच्याच आधाराने चालणारे असल्यामुळे काहीही अडले की ‘जावा बिघडला’ असा निष्कर्ष निघतो आणि कोणीतरी स्पार्क काढून पुन्हा बसवतो. माझ्या अनुभवात या उपायाने अर्धा तास जातो आणि बहुतेक वेळा दोष जागच्या जागी राहतो. म्हणून पुनर्स्थापना अगदी शेवटी ठेवून त्याआधी काय तपासावे, ते येथे सांगतो. पडद्यावरील नावे व त्रुटीसंदेश रोमन लिपीत दिसतात; येथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

पहिला प्रश्न संगणकाला नव्हे, माणसांना विचारावा: निरोप एकाचेच बंद आहेत की सगळ्यांचे? सगळ्यांचे बंद असतील तर एकाही टेबलावरच्या स्पार्कला हात लावू नये, थेट सर्व्हरकडे जावे. वीज जाऊन आल्यावर सर्व्हरचे यंत्र सुरू झालेले असते, पण ओपनफायरची सेवा सुरू झालेली नसते, हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. विंडोजच्या सेवांच्या यादीत ती स्वयंचलित सुरू होण्यावर ठेवलेली आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. दुसरे कारण म्हणजे राउटर बदलल्यामुळे सर्व्हरला मिळालेला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता. वळिवाच्या पावसात विजेच्या धक्क्याने जुना राउटर जळतो, घाईत नवा बसवला जातो आणि तो आपल्या मर्जीने पत्ते वाटू लागतो. सर्व्हरचा पत्ता कायमचा नेमून दिलेला असावा आणि तो सर्व्हरच्या पेटीवर कागदाने चिकटवलेला असावा. हा कागद मी आता कोणत्याही कार्यालयात विसरत नाही.

सर्व्हर चालू असूनही जोडणी होत नसेल, तर क्लायंटच्या यंत्रावरून सर्व्हरचे दार, म्हणजे पोर्ट, उघडे आहे का, हे पाहावे. स्पार्क साधारणपणे ५२२२ या पोर्टवर जोडला जातो, तर ओपनफायरचे व्यवस्थापन-पान ९०९० वर उघडते. केवळ पिंगला उत्तर आले म्हणून समाधान मानू नये, कारण पिंग फक्त यंत्र जागे असल्याचे सांगते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि ५२२२ हा पोर्ट देऊन चालवली, की दार उघडे आहे की नाही, ते एका ओळीत समजते.

आता नोंदवहीकडे, म्हणजे लॉगकडे, वळू. रन चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबले, की उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ‘स्पार्क’ आणि त्याच्या आत ‘लॉग्ज’ सापडते. जावाचा त्रुटीसंदेश चाळीस-पन्नास ओळींचा असतो आणि तो पाहून माणूस दचकतो. परंतु त्यातील बहुतेक ओळी प्रोग्रॅमच्या आत कोणी कोणाला हाक मारली याची यादी असतात. आपण ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारी सर्वांत शेवटची ओळ शोधावी, कारण मूळ कारण तेथे लिहिलेले असते. ‘अननोन होस्ट’ म्हणजे नावाचा पत्ताच सापडला नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, अर्थात सेवा बंद असावी. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच उत्तर आले नाही. तेथे फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा प्रोग्रॅम) किंवा चुकीचा पत्ता असा संशय घ्यावा. ‘नॉट ऑथराइज्ड’ म्हणजे पासवर्ड किंवा वापरनाव चुकले. कॅप्स लॉक आधी पाहावे.

‘अननोन होस्ट’ दिसल्यावर पुष्कळ जण लॉगिनच्या डोमेन या रकान्यात सरळ आयपी पत्ता लिहून मोकळे होतात. ते कधी चालते, कधी नाही, आणि चालले तरी पुढे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राच्या नावाशी वाद निर्माण होतो. डोमेनच्या रकान्यात ओपनफायरच्या व्यवस्थापन-पानावर दिसणारे एक्सएमपीपी डोमेनच, म्हणजे निरोप-सर्व्हरचे नाव, लिहावे. प्रगत पर्यायांत जाऊन होस्ट व पोर्ट आपोआप शोधण्याची खूण काढावी आणि तेथे होस्ट म्हणून आयपी पत्ता व पोर्ट म्हणून ५२२२ द्यावा. नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात राहिले तर लॉगिनच्या निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

प्रमाणपत्राच्या तक्रारी मात्र जरा शांतपणे हाताळाव्या लागतात. ओपनफायर बसवताना स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र तयार करतो आणि जावाला ते ओळखीचे नसल्यामुळे लॉगमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ अशी ओळ उमटते. स्पार्कच्या प्रगत पर्यायांत ‘सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा’ या अर्थाची खूण आहे आणि ती केली की तक्रार तत्काळ थांबते. निदानासाठी ती करून पाहण्यास हरकत नाही, परंतु ती तशीच ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याला डोळे मिटून बसायला सांगणे होय. सर्व्हरचे प्रमाणपत्र स्पार्कच्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत घालून ती खूण पुन्हा काढावी. एकाच यंत्रावर प्रमाणपत्राची त्रुटी येत असेल आणि शेजारच्या यंत्रावर नसेल, तर उजव्या कोपऱ्यातील तारीख वाचावी. खानापूर भागातील एका शाखेत पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी सकाळी एकच संगणक जोडला जात नसे आणि दुपारी आपोआप बरा होई. त्या यंत्राच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला होता. रात्री वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाई आणि जावा प्रामाणिकपणे सांगे की हे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही. दुपारपर्यंत इंटरनेटवरून घड्याळ जुळले की सारे सुरळीत होई. त्याआधी त्या यंत्रावर स्पार्क तीनदा पुन्हा बसवून झाला होता.

जावाचाच दोष असतो, अशीही उदाहरणे आहेत. स्पार्कचे दोन प्रकारचे इन्स्टॉलर मिळतात. एकात जावा सोबत येतो आणि स्पार्कच्याच फोल्डरमध्ये राहतो, तर दुसरा यंत्रावरील जावा वापरतो. ज्या टेबलावर डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी वेगळा जावा बसवलेला असतो, तेथे या दुसऱ्या प्रकाराची गाठ पडते. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या जावा ८ च्या २९१ क्रमांकाच्या अपडेटने टीएलएस १.० व १.१ या जोडणी गुप्त राखण्याच्या जुन्या पद्धती बंद केल्या. एका कारखान्यात हिशेबनीसांच्या यंत्रावर तो अपडेट आला आणि त्यांचाच स्पार्क बंद पडला, कारण सर्व्हरवरचा ओपनफायर आणि त्याचा जावा इतका जुना होता की त्याला टीएलएस १.० पलीकडे काही बोलता येत नव्हते. लॉगमध्ये सर्व्हरने निवडलेली आवृत्ती क्लायंटला मान्य नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. अशा वेळी जावाच्या सुरक्षा-फाइलमधील बंदीची यादी सैल करण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. त्याने काम भागते, पण ते आजच्या दिवसापुरते समजावे. खरा उपाय सर्व्हर नवा करणे हाच आहे. शक्य तेथे जावासह येणारा स्पार्कच बसवावा, म्हणजे टोकनचा जावा आणि निरोपांचा जावा एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत.

आपल्याकडे एक प्रश्न अधिक येतो, तो अक्षरांचा. सीमाभागातील कार्यालयात मालकाचा निरोप मराठीत असतो, सरकारी पत्रातला उतारा कन्नडमध्ये असतो आणि मालाचे वर्णन इंग्रजीत असते. अक्षरे बिघडली असे सांगणाऱ्याला ‘नेमके काय दिसते?’ असे विचारावे, कारण चौकोन, प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांची भेळ ही तीन वेगळी दुखणी आहेत.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रावर निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत. स्पार्कच्या पसंतींमध्ये फॉन्ट बदलून देवनागरी व कन्नड दोन्ही असलेला ‘निर्मला यूआय’ निवडावा. तो विंडोज ८ पासून सोबत येतो. जुन्या यंत्रांवर मराठीसाठी ‘मंगल’ आणि कन्नडसाठी ‘तुंगा’ असतो, पण एकाच फॉन्टात दोन्ही मिळत नाहीत.

रोमन अक्षरांची भेळ दिसत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीच. शिवाजी, श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टात टंकलेला उतारा वर्डमध्ये नीट दिसतो, कारण तेथे फॉन्ट सोबत असतो. स्पार्कमध्ये चिकटवल्यावर फॉन्ट गळून पडतो आणि मागची रोमन अक्षरे उघडी होतात. येथे सर्व्हर किंवा जावा तपासण्यात अर्थ नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच चिकटवावा, नाहीतर पीडीएफ पाठवावी.

प्रश्नचिन्हांची गोष्ट सर्वांत फसवी आहे. तक्रार अशी येते की मराठी निरोप कधी नीट दिसतो आणि कधी नुसती प्रश्नचिन्हे येतात. येथे विचारायचा प्रश्न असा: निरोप आला तेव्हा घेणारा जोडलेला होता का? दोघेही जोडलेले असताना निरोप सर्व्हरमधून थेट पुढे जातो. घेणारा नसेल तर तो डेटाबेसमध्ये साठवून नंतर दिला जातो. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालेल्या निरोपांतच प्रश्नचिन्हे असतील, तर दोष साठवणीत आहे. डेटाबेससाठी मायएसक्यूएल हा प्रोग्रॅम वापरत असल्यास त्याचा अक्षरसंच आणि ओपनफायरच्या जोडणी-ओळीतील युनिकोड व यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) यांचे निर्देश तपासावेत. मायएसक्यूएलमधील साधा ‘यूटीएफ८’ देवनागरी व कन्नड साठवतो, कारण त्या अक्षरांना तीन बाइट पुरतात. इमोजींना चार लागतात, म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ निवडणे शहाणपणाचे. साठवताना प्रश्नचिन्हे झालेला मजकूर मात्र परत मिळत नाही. पाठवणाऱ्यालाच पुन्हा विचारावे लागते.

फौंड्रीत पाळ्या असतात आणि ‘स्टोअर’ किंवा ‘डिस्पॅच’ या एकाच खात्याने तीन-चार जण लॉगिन करतात. मग निरोप भलत्याच यंत्रावर जातो, किंवा दोन यंत्रे एकमेकांना आळीपाळीने बाहेर काढत राहतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही ठिकाणचे ‘रिसोर्स’ नाव, म्हणजे एकाच खात्यावरील यंत्रे वेगळी ओळखण्याचे नाव, एकच असते. एक आला की दुसरा बाहेर पडतो, तो लगेच पुन्हा जोडतो आणि पहिल्याला ढकलतो. प्रगत पर्यायांत यंत्राचे नाव रिसोर्स म्हणून वापरण्याची खूण केली की ही ओढाताण थांबते. निरोप भलतीकडे जाण्याचा उपाय मात्र प्रत्येकाला वेगळे खाते देणे हाच आहे. खाते नवे केल्यावर यादीत सहकारी दिसत नाहीत, अशी तक्रार आली तर ओपनफायरमधील गट ‘शेअर’ केलेला आहे का, ते पाहावे.

स्पार्क संथ चालत असेल, तर पुष्कळदा कारण जुन्या संभाषणांचे असते. प्रत्येक व्यक्तीशी झालेले संभाषण वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एका एक्सएमएल फाइलमध्ये साठत जाते. पाच-सहा वर्षांची फाइल उघडताना खिडकी गोठते. ती फाइल दुसरीकडे हलवून पाहावी. ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ दिसली तरच जावाची स्मृतिमर्यादा वाढवण्याचा विचार करावा, आणि दोन जीबी रॅमच्या यंत्रावर ती फार वाढवू नये, अन्यथा टॅलीच संथ होईल.

निरोप जातात पण फाइल जात नाही, याचे कारण बहुधा फायरवॉल असते. स्पार्क फाइल शक्यतो एका यंत्रावरून दुसऱ्यावर थेट पाठवतो आणि ते जमले नाही तर सर्व्हरवरील ७७७७ या पोर्टचा आधार घेतो. तो पोर्ट मोकळा ठेवावा.

सर्व्हर अद्ययावत करण्याबाबत टाळाटाळ करू नये. २०२३ मध्ये ओपनफायरच्या व्यवस्थापन-पानातील एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्यामुळे पासवर्डशिवाय आत शिरता येत असे. ३.१०.० पासूनच्या आवृत्त्यांत ती होती आणि ४.६.८ व ४.७.५ मध्ये दुरुस्त झाली. आपली आवृत्ती त्याहून जुनी असेल तर डेटाबेसची प्रत काढून ती आधी बदलावी आणि ९०९० हा पोर्ट इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नये.

एवढे सगळे पाहूनही एकच यंत्र अडून राहिले, तर आता स्पार्क काढून पुन्हा बसवण्याचा विचार करावा. मात्र प्रोग्रॅम काढला तरी ॲपडेटामधील ‘स्पार्क’ हे फोल्डर मागे राहते आणि जुनी बिघडलेली मांडणी नव्या स्पार्कला जशीच्या तशी मिळते. म्हणून आधी टास्क मॅनेजरमध्ये स्पार्क खरोखर बंद झाल्याची खात्री करावी, त्या फोल्डरचे नाव बदलून त्यापुढे तारीख लिहावी, आणि मगच स्पार्क उघडावा. पुष्कळदा त्यानेच काम होते आणि इन्स्टॉलर चालवण्याची वेळ येत नाही. जुन्या संभाषणांच्या फाइली नंतर त्या तारखेच्या फोल्डरमधून उचलून आणता येतात.