डीएम आयडीकडे वळताय? आधी सेन्सिटिव्हिटीचा तक्ता

डीएम आयडी म्हणजे संसर्गजन्य रोगांतली सुपरस्पेशालिटी पदवी. तिचा रस्ता ठाऊकच आहे: एमबीबीएस, मेडिसिनचं एमडी, मग नीट-एसएस किंवा एम्स-पीजीआयसाठी आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा, आणि 3 वर्षांचं डीएम. तिशी यातच उलटते. कार्डिओलॉजीतल्या मित्राच्या कमाईकडे बघून जीव जळणार असेल, तर ही शाखा घेऊ नका. इथे प्रोसिजर जवळपास नाहीत, बहुतेक ठिकाणी स्वतःचे बेडही नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या पेशंटचे रेफरन्स.

कोणतं औषध जंतूवर चालेल हे सांगणारा लॅबचा रिपोर्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा तक्ता. नवी मंडळी फसतात ती त्यातल्या एमआयसीच्या आकड्यांत, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणात. व्याख्या पाठ असते, तरी रात्री दोनच्या कॉलला नजर सर्वांत लहान आकडा शोधते. समजा रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू वाढलाय. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 0.5, मेरोपेनेमपुढे 1. मग सिप्रो सरस? मुळीच नाही. सीएलएसआय या अमेरिकन संस्थेच्या मर्यादांप्रमाणे सेन्सिटिव्ह म्हणायला सिप्रो 0.25 किंवा खाली हवं, मेरो 1 किंवा खाली. म्हणजे इथे सिप्रो इंटरमीडिएट (अधलंमधलं) आणि मेरो सेन्सिटिव्ह. प्रत्येक औषधाचा डोस वेगळा, शरीरात मिळणारी पातळी वेगळी, म्हणून मर्यादाही वेगळी. तक्ता आडवा वाचायचा: औषध, त्याचा आकडा, त्याचीच मर्यादा. उभा वाचलात की चुकलात. शिवाय जंतू बदलला की मर्यादा बदलते: ई. कोलायला चालणारं सिप्रोचं 0.25 टायफॉइडच्या जंतूला चालत नाही, तिथे 0.06 लागतं.

आणि तक्त्यात ‘एस’ (सेन्सिटिव्ह) दिसलं म्हणून औषध जागेवर पोचतंच असं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं, ताप आणि कंबरदुखी असलेल्या पायलोनेफ्रायटिसला (मूत्रपिंडाच्या संसर्गाला) ते देऊ नका. डॅप्टोमायसिन फुप्फुसातल्या सर्फॅक्टंट या स्रावामुळे निकामी होतं, न्यूमोनियात उपयोग शून्य.

कल्चरला पाठवलेला रक्ताचा नमुनाच वाईट असेल तर हे सगळं फुकट. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, दोन वेगळ्या जागांहून कल्चर बाटल्यांचे दोन सेट, मोठ्या माणसात दर बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही (ठेवणारे भेटतातच). एकाच बाटलीत कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ हा जंतू आला तर बहुधा कातडीवरचा. स्टॅफ ऑरियस किंवा कँडिडा ही बुरशी मात्र एका बाटलीत आला तरी खराच धरायचा. ऑरियस असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत परत परत पाठवायचं, आणि उपचाराचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे.

ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करण्यात मला अर्थ दिसत नाही. नुसतं ‘मेरो चालू करा’ सांगणाऱ्या सरांपेक्षा ते कधी बंद करायचं हे फाइलवर लिहिणारे सर शोधा. तसे कमी, पण आहेत. घाबरू नका, हे सगळं डीएमच्या आधीच शिकता येतं. रेसिडेन्सीत सकाळी अर्धा तास मायक्रोबायोलॉजीत जा, आपल्या वॉर्डाच्या पेशंटचा ग्राम स्टेन (रंगवलेल्या जंतूंची स्लाइड) स्वतः बघा. तिथल्या टेक्निशियनदादांना विचारलं तर ते बरंच शिकवतात.