पोक काढायला पाठ मोडून घेताय? या चुका टाळा

खान्देशात पाठ चोळणाऱ्यांना तोटा नाही. नस बसवणारे आहेत, हाडवैद्य आहेत, आणि उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला पाठवणारी आजी अजूनही घरोघरी आहे. आता जळगाव-धुळ्याच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ‘मायोफॅशियल रिलीज’ (स्नायू आणि त्यांवरचं आवरण हाताने सैल करणं) यासारखे शब्दही कानावर पडू लागलेत. हाताने अंग सैल करून शरीराची ठेवण थोडीफार सुधारते, हे खरं. पण लोक त्या हातांकडून भलतंच मागतात आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात, नाहीतर दुखणं वाढवून घरी येतात.

आवाजाच्या मागे लागणं

“आवाजच नही उना!” अशी तक्रार करत उठणारे पुष्कळ. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ओढला की तिथला दाब उतरतो, द्रवात वायूची पोकळी होते आणि ‘कडक’ ऐकू येतं. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही, आणि हाडं अशी रोज सरकत-बसत नसतात. पाठीचं एक वेळ चालून जाईल, मानेचं नाही. दाढी-कटिंग झाल्यावर मान डावी-उजवीकडे खटकन फिरवून घेण्याची सवय आधी सोडा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण फुकटच्या चंपीसाठी ही जोखीम कशाला?

“जोर लाव ना भो!”

जितकं दुखेल तितका गुण, हे खरं नाही. दाब सहन होतोय की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे श्वास. श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या, पायाची बोटं वळली की स्नायू सैल व्हायचं सोडून उलट आखडतात. तेव्हाच ‘थोडं हळू’ म्हणा. लाजू नका. एक-दोन दिवस ठणकणं ठीक आहे. त्याहून जास्त टिकलं किंवा निळे डाग उठले तर पुढच्या वेळी दाब कमी करायला सांगा. हाता-पायाला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर ते काम तिथेच थांबवायचं.

तेलाचंही एक सांगतो. या कामात तेल अगदी बेताचं लागतं, कारण हात सरकून गेला तर खालचा थर पकडता येत नाही. वाटीभर तेल ओतून केलेली मालीश सुखाची असते, पण ती निराळी गोष्ट.

दुखतं तिथेच चोळत बसणं

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे वाया जातो. पोक आलेल्या माणसाच्या दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पात्यांच्या मध्ये दुखतं, म्हणून तो तिथेच चोळून घेतो. पण तिथले स्नायू आधीच ताणून थकलेले असतात. आखडलेली असते ती पुढची बाजू, म्हणजे छातीचा स्नायू, बगलेजवळचा भाग आणि बरगड्या. पाठ रगडली की दोन तास बरं वाटतं, मग छाती खांद्यांना पुन्हा पुढे ओढते.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ आयडा रोल्फ (1896–1979) यांनी ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ नावाची जी पद्धत बसवली, तीच पुढे रोल्फिंग म्हणून ओळखली गेली. तिच्यात साधारण दहा बैठका असतात. पहिलीचा भर छाती आणि श्वासावर, दुसरीचा पावलांवर आणि पोटऱ्यांवर. दुखरी जागा सोडून इतकं लांब का जायचं, याचं उत्तर त्या क्रमातच आहे. स्नायूंवरचं आवरण, म्हणजे फॅशिया, दाबाने कायमचं बदलतं हा त्यांचा दावा मात्र आज तितकासा टिकत नाही. स्पर्शामुळे चेतासंस्था ताण सोडायला लावते, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. म्हणूनच मिळालेला सैलपणा वापरला नाही तर तो जातो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच?

मग उपचाराच्या टेबलावर काय केलं ते सोडा आणि तुमचं दिवसभराचं काम बघा. कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी भरत जाते तसं वजन पुढे आणि एका अंगाला ओढतं. ओळीच्या टोकाला जाईपर्यंत ती कंबर सरळ करत नाही, कारण मजुरी किलोवर असते. तिला ‘ताठ उभ्या राहा’ सांगून उपयोग काय? ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, बांधायची बाजू बदलायची, एवढं जमलं तरी पुष्कळ. रावेर-यावलकडे केळीचा 20-25 किलोचा घड नेहमी त्याच खांद्यावर चढतो. सराफ्यातला कारागीर मांडी घालून तासन्‌तास खाली मान घालतो, आणि एकट्या डोक्याचंच वजन पाचेक किलो असतं. भुसावळहून अप-डाऊन करणाऱ्यांनी मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट तेवढं पुढे घ्यावं.

छाती काढून चालणं

बैठक झाली की काही जण परेडला निघाल्यासारखे चालतात. खांदे मागे खेचले की कंबरेचा बाक वाढतो आणि आठवड्यात कंबर धरते. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (1869–1955) हा टास्मानियात जन्मलेला नट. रंगमंचावर त्याचा आवाज बसायचा. आरशात स्वतःला निरखताना त्याला दिसलं, की बोलायच्या आधीच आपण डोकं मागे आणि खाली खेचतो. त्यातून त्याचं तंत्र निघालं. त्यात शिक्षकाचा हात अगदी हलका असतो, तो दाबत नाही, सवय जागी होते तेवढं दाखवून देतो. आपल्यालाही तेच पुरे आहे. मान मोकळी, श्वास चालू, गुडघे आवळलेले नाहीत.

एक खांदा खालीच राहतो

पुढे वाका, हात लोंबू द्या आणि मागून कुणाला तरी पाहायला सांगा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर मणक्याला पीळ असू शकतो, त्याला स्कोलियोसिस म्हणतात. वयात येणाऱ्या मुलींत हे नक्की तपासा. इथे चोळून वेळ घालवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

हात लावूच द्यायचा नाही असे प्रसंग

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पाऊल लुळं पडणं, यात थेट दवाखाना, तोही त्याच दिवशी. पाठदुखीबरोबर ताप असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ झालेलं वय, मधुमेहाने बधिर झालेले पाय, हे आधीच सांगा. शेवभाजीवर ताव मारून लगेच पालथं झोपू नका, हे वेगळं सांगायला नको.

पैसे आगाऊ भरून वीस बैठकांचं पॅकेज घेऊ नका. तीन-चार बैठकांत श्वास, झोप किंवा कामानंतरचं दुखणं यांपैकी कशातच फरक जाणवला नाही, तर ‘आता काय बदलणार?’ असं करणाऱ्याला सरळ विचारा. उत्तर ‘अजून येत राहा’ एवढंच असेल तर दुसरीकडे तपासून घ्या.