बाई अडली हे वेळेत कसं ओळखायचं

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्सची नोकरी करून मी निवृत्त झाले. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि आशाताई अजून विचारतात, बाई अडली हे कळतं कसं? त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरात गरोदर सून-लेक असेल त्यांनीही वाचा.

कळा जोरात येतात, गर्भपिशवी सगळी ताकद लावते, तरी बाळ खाली सरकत नाही, म्हणजे बाई अडली. बाळाचं डोकं मोठं असतं किंवा कमरेचं हाड अरुंद असतं. कधी बाळ आडवं असतं, कधी डोक्याऐवजी कपाळ पुढे येतं. हाड अरुंद राहतं त्यामागे पोरवयातली उपासमार असते, आणि वाढ पुरी व्हायच्या आत झालेलं लग्न.

तपासणीत उंची 145 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, आधीचं सिझर असेल, जुळं असेल, नवव्या महिन्यातही बाळ आडवं असेल, तर कार्डावर लाल पेनाने लिहा आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच ठरवा. पावसाळ्यात नाले भरायच्या आत तिला माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या दवाखान्याजवळच्या खोलीत, आणून ठेवा. पण उंचीवर विसंबू नका. बुटकी बाई सहज मोकळी होते आणि उंच, धडधाकट बाई अडते, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून खरी नजर ठेवायची ती वेळेवर.

कळा कधीपासून आहेत याचं उत्तर घरचे "सकाळपासून" असं देतात. ते लिहून घेऊ नका. सासूला विचारा, गुरं रानात सोडली तेव्हा कळा होत्या का? रात्री भाकरी झाल्या तेव्हा ती जेवली का? अंगावरून पाणी गेलं तेव्हा उजेड होता का? तीन-चार प्रश्नांत वेळ सापडते, आणि ती पुष्कळदा घरच्यांनी सांगितलेल्या वेळेच्या बरीच आधीची निघते. खऱ्या कळांना बारा तास झाले, तर घरी एक मिनिटही थांबायचं नाही. मुळात कळा सुरू झाल्या की निघायचंच असतं, बारा तास ही शेवटची हद्द.

दवाखान्यात आल्यावर पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय हे दाखवणारा आलेखाचा कागद, भरा, आणि तोही बाई मोकळी झाल्यावर नाही, कळा चालू असताना. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की सुरुवात करायची. बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाला, आतली तपासणी चार तासांनी. तोंड तासाला एक सेंटिमीटरपेक्षा हळू उघडत असेल, तर आलेख अलर्ट लाइनच्या, म्हणजे सावध करणाऱ्या रेषेच्या, उजवीकडे जातो. ॲक्शन लाइन, म्हणजे आता उपाय करायलाच हवा ही रेषा, तिच्यापुढे चार तासांवर असते. या रेषा 1972 साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत मांडल्या. मधले चार तास ठेवले ते लांबच्या दवाखान्यातून बाईला मोठ्या रुग्णालयात पोचवता यावं म्हणून. ते तास रस्त्याचे आहेत, वाट बघण्याचे नाहीत. धारणीहून परतवाड्याच्या घाटातून अमरावती म्हणजे चार तास धरूनच चला. म्हणून उपकेंद्रावर अलर्ट लाइन ओलांडली की गाडी बोलवायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या नव्या आलेख-पत्रकात नोंदीची सुरुवात पाच सेंटिमीटरला आहे आणि तासाला एकची सक्ती नाही, कारण काही बायका हळू पण नीट मोकळ्या होतात. हे खरं आहे, पण तुमच्याकडे ऑपरेशनची सोय नसेल तर तुम्ही आपला रस्ताच मोजा.

हाताला कळणाऱ्या खुणाही आहेत. पोटावरून डोकं अजून हाताला लागतं. आत तपासताना डोक्यावर सूज वाढलेली असते, हाडं एकमेकांवर चढलेली असतात. लघवी अडते किंवा लाल होते. नाडी धावते. पोट मधे आवळून डमरूसारखं दिसायला लागलं, तर पिशवी फाटायच्या बेतात आहे. आणि सगळ्यात घातकी क्षण त्यानंतरचा: कळा एकदम थांबतात, बाई निपचित पडते, घरच्यांना वाटतं आराम पडला. तेव्हा पिशवी फाटलेली असू शकते आणि रक्त पोटात जात असतं.

कळा वाढवायचं इंजेक्शन घरी किंवा गावातल्या डॉक्टरकडून कधीही देऊ देऊ नका. अडलेल्या पिशवीला त्याने आणखी जोर येतो आणि ती फाटते. पोट दाबायचं नाही. बाळाचा हात बाहेर आला तर ओढायचा नाही. तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर लावायला सांगायचं नाही.

108 ला फोन करा, तिला डाव्या कुशीवर झोपवा, सलाइन लावा, लघवीची नळी घाला आणि पुढच्या दवाखान्याला आधी कळवा. पार्टोग्राफ आणि कार्ड सोबत द्या. रक्त देऊ शकेल असा नातेवाईक बरोबर हवाच. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, रक्त, औषधं, गाडी फुकट आहे. पैशांसाठी घरात चर्चा चालली असेल तर हे ठासून सांगा.

उशीर झाला तर बाळ गुदमरतं, आईला जंतुसंसर्ग होतो, वार पडल्यावर रक्तस्राव थांबत नाही. जगलेल्या बाईचं दुखणंही मोठं असतं. बाळाचं डोकं तासन् तास दाबून राहिल्याने लघवीच्या पिशवीची जागा मरते आणि काही दिवसांनी तिथे भोक पडून लघवी सतत गळते. म्हणून खूप वेळ अडलेल्या बाईची नळी लगेच काढू नका, निदान दोन आठवडे ठेवतात, डॉक्टरांना विचारा. काहींचा पाय लुळा पडतो, चालताना पंजा घसटतो. घरभेटीला जाल तेव्हा तिची चाल बघा आणि ती कपडे सारखी का धुते हे तिला एकटीला विचारा. नवऱ्याच्या, सासूच्या समोर ती सांगणार नाही. गळती ऑपरेशनने बरी होऊ शकते, हे तिला आणि घरच्यांना सांगा. सिझरचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला लावा. पुढचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, आणि तिथले डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील.