लांब पल्ल्याच्या रायफलला स्कोपचा माउंट कसा निवडावा

माउंट म्हणजे रायफलवर स्कोप, म्हणजे दुर्बीण, धरून ठेवणारा सांधा, त्याच्या दोन रिंगा स्कोपला पुढून-मागून आवळतात. पुढची रिंग मागच्या रिंगेपेक्षा ०.१ मिलिमीटर वर बसली आणि दोन्हींत १०० मिलिमीटर अंतर असलं, तर स्कोप रायफलच्या नळीशी एक मिलिरेडियन, म्हणजे एक मिल, कलतो. १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १००० मीटरवर एक मीटर. हा कल कायमचा असेल तर झिरो करताना, म्हणजे ठरल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवताना, निघून जातो. निघत नाही ते हलणं. प्रत्येक गोळी झाडल्यावर तोच सांधा ०.०१ मिलिमीटर सरकला, तर १००० मीटरवर १० सेंटिमीटर गेलेच. बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये डायल गेज हातात धरून माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मला स्कोपच्या काचेआधी त्याखालचा सांधा दिसतो.

आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे फौजी घरं पुष्कळ, नेमबाजीची आवड असलेली पोरंही आहेत. परवानाधारक पोरगा येतो आणि म्हणतो, "काका, स्कोप चांगला घेतलो, माउंट कुठला तरी बसवूया की." कुठला तरी नाही. आणि आधी हेही ठरव की कुठल्या प्रकारात उतरायचं आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, ३०० मीटर रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत चालते, पण तिच्या एफ-टीआर गटात बायपॉड, म्हणजे पुढचा दुपायी टेकू, धरून रायफलचं वजन ८.२५ किलोच्या आत लागतं, तिथं माउंटचे ग्रॅमही मोजावे लागतात.

पहिलं बघायचं ते रायफलवर काय आहे. बऱ्याच .२२ आणि एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची डवटेल खाच असते. मोठ्या रायफलीवर विव्हर नाहीतर पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची पट्टी. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांत १०.०१ मिलिमीटर अंतर. विव्हरची खाच अरुंद, साधारण ४.५७, आणि अंतर ठरलेलं नाही. म्हणून विव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बहुधा बसतो, उलटं होत नाही. व्हर्निअर लावा, दुकानदाराच्या तोंडी भरवशावर जाऊ नका. स्कोपची नळीही मोजा: २५.४, ३० की ३४ मिलिमीटर. रिंग त्याच मापाची हवी, मधे पट्टी घालून भागवायचं नाही. रेलच नसेल आणि रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला, भोकं पाडायची असतील, तर ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचंच.

आता उतार, म्हणजे रेल किंवा माउंट मुद्दाम पुढच्या बाजूला किंचित खाली झुकवलेला असतो तो. लांब पल्ल्याला खरा निर्णय हाच. .३०८ च्या रायफलीला १७५ ग्रेनची गोळी घेऊन १०० यार्डांच्या झिरोपासून १००० यार्डांवर जायला स्कोपच्या चकतीवर साधारण ११ मिल वर चढवावे लागतात. समजा तुमच्या स्कोपला एकूण २८ मिलची उभी फिरत आहे, म्हणजे नेम वर-खाली तेवढा फिरतो. सपाट रेलवर त्यातली अर्धी, १४, वर मिळते. २० एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार म्हणजे ५.८ मिल, तो घेतला की वर १९.८ आणि खाली ८.२ उरतात. शिवाय स्कोपच्या नळीच्या मध्याजवळ काम होतं, तिथं काच स्वच्छ दिसते. एकूण फिरत १६ मिलची असेल तर मात्र हाच उतार घेऊन खाली २.२ च राहतात, १०० यार्डांचा झिरो कसाबसा लागेल. आणि एक बघा, रेल २० ची असताना माउंटही २० चा घेतला तर बेरीज ४० होते. पोरं रेलवरचा आकडा वाचतच नाहीत.

उंचीसाठी सरळ पोलादी पट्टी रेलवर ठेवून रायफलच्या नळीच्या वर पुढं काढा आणि स्कोपचं तोंड जिथं येणार तिथं पट्टीपासून रायफलच्या नळीपर्यंतची खोली व्हर्निअरनं मोजा. पट्टी रेलवरच टेकते, त्यामुळे उतार त्या मापात आपोआप येतो. स्कोपच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ६२ असेल तर अर्धा ३१, त्यात ३ मिलिमीटर मोकळीक, त्यातून खोली १२ वजा. स्कोपच्या नळीचा मध्य रेलपासून किमान २२ वर हवा. रेल तोंडाखालपर्यंत गेली असेल तर १२ वजा करायचे नाहीत, ३४ लागतील. काही कंपन्या उंची नळीच्या मध्यापर्यंत मोजतात, काही रिंगेच्या तळापर्यंत. ३४ च्या नळीला हा फरक १७ मिलिमीटरचा पडतो. रायफलच्या बोल्टचा दांडा स्कोपला लागत नाही ना, आणि गाल बटावर टेकून डोळा मध्यावर येतो ना, हेही बघा.

एकसंध माउंट की दोन सुट्या रिंगा? माझं मत एकसंध. दोन्ही रिंगा एकाच सेटिंगमध्ये कापलेल्या असतात, रेल किंचित वाकडी असली तरी स्कोपच्या नळीवर ताण येत नाही. पण त्याच्या रिंगांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून स्कोपच्या सरळ नळीची लांबी आधी मोजा. आखूड नळीला सुट्या रिंगाच बऱ्या. धातू ७०७५ अॅल्युमिनियम असला तर वजनाला हलका आणि पुरेसा कणखर.

बसवताना रायफलचा बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी रिकामं बघा. रेलचा बोल्ट आवळण्याआधी माउंट रायफलच्या नळीच्या तोंडाकडे दाबून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. बार झाला की रायफल मागं येते आणि स्कोप जागीच राहू बघतो, म्हणून जोर पुढं येतो. आवळायला टॉर्क रेंच हवाच. रिंगेच्या स्क्रूंना बहुतेक १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे जवळपास २ न्यूटन-मीटर, पुरतात. स्कोप आणि माउंटच्या कागदांत दोन आकडे असतील तर लहान घ्या. रेलच्या बोल्टचा आकडा प्रत्येक माउंटचा वेगळा, तो कागदावरूनच. स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे आवळा.

आवळण्याआधी गवंड्याचा ओळंबा वारा नसलेल्या जागी टांगा, स्कोपची उभी रेघ त्या दोरीशी जुळवा, मग त्याच स्थितीत बबल लेव्हल बसवा. आवळताना नळी फिरते, म्हणून पुन्हा बघा. रेघ ३ अंश कलली आणि तुम्ही १० मिल चढवलेत, तर अर्धा मिल बाजूला जाता. १००० मीटरवर अर्धा मीटर. लोक त्याला वारा समजून दुरुस्ती करत बसतात. खात्रीसाठी रेंजवर १०० मीटरला उंच कागद लावा, त्यावर ओळंब्यानं उभी रेघ मारा, बबल मध्यावर ठेवून तळाच्या खुणेवर नेम धरा आणि ८ मिल चढवून मारा. गोळ्या ८० सेंटिमीटर वर आणि रेघेवरच लागायला हव्यात.

स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, सैल झाला की ती तुटलेली दिसते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात पोलादी स्क्रू गंजायला वेळ लागत नाही. जूनआधी बाहेरून तेलाचं फडकं फिरवा. रिंग आणि नळीच्या मधे मात्र तेलाचा थेंबही नको.