चौलचं बंदर बघायचंय? मग आधी कालनिर्णय उघडा

"बाई, बंदर कुठाय?"

सातवीची सहल घेऊन अलिबागजवळच्या रेवदंड्याला, चौलच्या जुन्या बंदरावर, गेले होते, तेव्हा एका पोराने विचारलं. पौर्णिमा होती, किनाऱ्यावर पोचेतो साडेअकरा झालेले. भरती टिपेला. पाणी, ऊन आणि तटाचे दगड, बाकी काही दिसेना. मीही "हेच ते" म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर इतक्यांदा गेले की आता कुणी चौलला निघालं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे लिहितेय.

आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आमच्याकडे पोराटोरांना पाठ असतं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. मी चतुर्थी-पंचमीच सुचवते. सकाळी नवाला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहायचं, पाठ किल्ल्याकडे आणि तोंड कुंडलिका नदीच्या मुखाकडे. पाणी ओसरलं की खाडी किती आत शिरते ते कळतं. गलबताला हाच आसरा हवा असतो.

किल्ला आत्ता नको. तो पोर्तुगीजांचा, १६व्या शतकातला. आपल्याला त्याच्या सहाशे वर्षं मागे जायचंय.

बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, इथे आला. तो चौलला 'सैमूर' म्हणतो. वर राष्ट्रकूट, त्यांना अरब 'बल्हरा' म्हणत, म्हणजे आपलं 'वल्लभराज'. त्यांच्या हाताखाली इथे शिलाहार घराण्यातला झंझ राजा. मसूदी लिहितो की गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात: इराणी आखातातल्या सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. शिवाय 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेले. मला या शब्दापाशी दरवेळी थांबावंसं वाटतं. परक्यांच्या इथे जन्मलेल्या पोरांसाठी वेगळं नाव पडायला दोन-तीन पिढ्या तरी गेल्या असणार.

का राहिले? वाऱ्यामुळे. पावसाळ्याच्या शेवटी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर यायचं आणि ईशान्येचा वारा धरला की परतायचं. मधले महिने इथेच. मुक्काम लांबला की घर होतं, घर झालं की भांडणं होतात, आणि भांडणं सोडवायला माणूस लागतो. त्या माणसाला 'हुनरमन' म्हणत. आपण 'हुन्नरी' म्हणतो ना, त्याच फारसी कुळातला शब्द. तो त्यांच्यातलाच असे, पण नेमणूक राजाची. मसूदी आला तेव्हा त्या जागी अबू सईद मारूफ बिन झकारिया होता.

हे एकट्या चौलचं नव्हे. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इ.स. ९२६ च्या, ताम्रपटात संजाणचा कारभारी 'ताजिक', म्हणजे अरब आहे. नाव मधुमती, मूळचं मुहम्मद. त्याने दोन नद्यांवर फुकट होडी सुरू केली आणि अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. शिलालेख-ताम्रपट वाचताना नेहमी दानं बघा. बिरुदांपेक्षा गाव दानांतून जास्त कळतं.

आता चौलमध्ये या, चालत. हमामखान्याचे अवशेष आहेत, रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी आहे, तेवढं बघून घ्या. खरं बघायचं ते नारळी-पोफळीच्या वाड्यांत. शहर या वाड्यांखाली गेलंय. वाडीवाल्या काकांना हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. "काका, शिंपणं चाललंय का?" एवढं पुरतं, बहुतेक वेळा पाणीही मिळतं. झाडांची आळी खणताना खापऱ्या वर येतात. लाल खापरी आपली. हिरवट-निळ्या काचेसारख्या झिलईची दिसली तर ती बाहेरून, समुद्रावरून आलेली. फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि खापरी होती तिथेच ठेवा. खिशात घातलीत की तिची जागा हरवली, मग ती नुसती फुटकी ताटली.

दुपारी परत रेवदंडा. एका शाळेच्या आवारात अफनासी निकितीनचं स्मारक आहे, परवानगी विचारून आत जा. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास घोडा घेऊन चौलला उतरला. अंगावर पुरते कपडे नसलेले लोक त्याला नवलाचे वाटले आणि लोकांना हा गोरा माणूस, सगळे मागे मागे. जुन्नरला खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून सुटला. चार महिने पाऊस आणि चिखल, अशी त्याची तक्रार. आणि घोड्यांना इथे साखर-तेलाची खिचडी घालतात, हेही त्याने टिपून ठेवलंय. पोरांना हे सांगितलं की बाकी सगळं माफ असतं.

रेवदंड्यात बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉगही (प्रार्थनास्थळ) आहे. जुन्या हिंदी सिनेमातले नट डेव्हिड आठवतात? त्यांचं आडनाव चेऊलकर. ते चेऊल म्हणजे हेच चौल.

वेळ उरला तर साळावच्या पुलावरून पलीकडे कोर्लईला जा. तिथे अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. कुणाला "बोलून दाखवा" म्हणू नका. चहा मागवा आणि गप्प बसा, दोघीजणी आपसात बोलू लागल्या की ऐकू येईलच. साळावहून रिक्षा मिळते, फक्त परतीचं भाडं आधी ठरवून घ्या.