छोटे गेम अर्ध्यातच सोडता? मग या चुका टाळा

मित्राने फारच डोकं खाल्लं म्हणून एखादा कमी नावाजलेला गेम घ्यायचा, वीस मिनिटं खेळायचा आणि ‘काय आहे यात?’ म्हणत उडवून टाकायचा. मीही केलंय. तेच गेम पुन्हा खेळले, तेव्हा चूक कुठे होत होती ते कळलं.

पहिली चूक, उत्तरं ठोकत बसणं. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (2018) हा लुकास पोपने जवळपास एकट्याने केलेला गेम दोनच रंगांत आहे, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखा. एक जहाज, त्यावरची 60 माणसं. कोण कोण होतं आणि कुणाचं काय झालं, ते वहीत नोंदवायचं. तीन नोंदी बरोबर झाल्या की मगच गेम त्या पक्क्या करतो. त्यामुळे दोन खात्रीच्या असल्या की तिसरीकडे नावं फिरवून बघायचा मोह होतो. मी फिरवली, जमलंही, आणि सगळी मजा गेली. अडलात तर खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे क्रमांक बघा, ते यादीशी जुळतात. पायातले मोजे-बूटसुद्धा बोलतात! बनवणाऱ्याकडे पैसा कमी असला की गेम बहुतेकदा एकाच नियमावर उभा असतो. त्या नियमालाच बगल दिली तर उरतं काय?

दुसरी चूक, उत्तर बाहेरून बघणं. ‘आउटर वाइल्ड्स’ या अंतराळात फिरायच्या गेममध्ये (2019) दर 22 मिनिटांनी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही. पुढच्या फेरीत सोबत येते ती फक्त मिळालेली माहिती. म्हणजे यूट्यूबवर उत्तर पाहिलं की गेम संपलाच. रस्ता सुचेना झाला तर यानातली नोंदवही उघडा, कुठे अजून काही बघायचं राहिलंय ते तिथे दिसतं.

‘सेलेस्ट’ हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम फारच अवघड वाटला तर असिस्ट मोड (खेळ सोपा करणारी सोय) लावून वेग कमी करा. लाज कसली त्यात?

आणि सेव्ह (जपून ठेवलेला मागचा खेळ) पुन्हा लोड करून चूक पुसू नका. ‘अंडरटेल’च्या (2015) सुरुवातीलाच टोरिएल ही मायाळू बाई वाट अडवते. तिला न मारता सुटायचं तर ‘दया’ पुन्हा पुन्हा निवडावी लागते, पण बरेच जण घाबरून मारून टाकतात. मीही मारलं, वाईट वाटलं, लोड केलं, या वेळी सोडलं. पुढच्याच दालनात, गेमच्या सुरुवातीला भेटलेलं ते बोलणारं पिवळं फूल हसलं: तू काय केलंस ते मला माहीत आहे.